वही उघडलीच आहे, तर नावंही उतरवून घ्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई
मा. तहसीलदार, पाथर्डी आणि शेवगाव
सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी, तिसगाव

विषय: तिसगाव व पंचक्रोशीच्या जुन्या नोंदवह्यांतील सर्व नावांची सूची करण्याबाबत



2023 च्या दिवाळीच्या आगेमागे तुमच्या खात्यांनी जे काम केलं, तसं या राज्यात पूर्वी झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली. पुढे तिचं काम मराठवाड्यापुरतं न राहता सगळ्या राज्याला लागू झालं आणि अभिलेख कक्षांतले वर्षानुवर्षं गाठ न सुटलेले रुमाल धडाधड सुटले. जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना 14, खासरा पत्रकं, पाहणीपत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, शाळांची जनरल रजिस्टरं, खरेदीखतं, 1951 चं नागरिकांचं रजिस्टर, फार काय, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची आणि ताडीच्या परवान्यांची रजिस्टरंसुद्धा चाळायची यादीत होती. 1948 पूर्वीच्या नोंदी वेगळ्या, 1948 ते 1967 च्या वेगळ्या. मोडी वाचणारी माणसं एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतात. त्या दोन-तीन महिन्यांत त्यांना गाडी पाठवून बोलावणी गेली.

हे सगळं एका शब्दासाठी होतं. कुणबी. तो शब्द पन्नास लाखांहून जास्त ठिकाणी सापडला, त्या पानांचं स्कॅनिंग झालं, ती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली, याद्या ग्रामपंचायतींत लागल्या. मराठा आरक्षणाचा वाद या पत्राचा विषय नाही. ज्यांना त्या नोंदीतून हक्क मिळाला, त्यांना तो लखलाभ. माझं म्हणणं एवढंच आहे की पान उघडलं, त्यावर बोट फिरवलं, पण बोट फिरलं ते जातीच्या रकान्यावरून. शेजारच्या रकान्यात माणूस होता, तो तिथेच राहिला. रुमाल पुन्हा बांधले जाण्याआधी तो माणूस उतरवून घ्यावा, यासाठी हे पत्र.

मी तिसगावचा. मास्तरकी संपल्यावर मोडी शिकलो आणि तेव्हापासून लोक वंशावळीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाला जात पडताळणीसाठी शपथपत्र जोडायचं असतं, कुणाची वारसनोंद अडलेली असते, कुणी पुण्या-मुंबईत वाढलेला नातू नुसतंच विचारतो की आमच्या पणज्याचं नाव काय हो. हा शेवटचा प्रश्न अलीकडे वाढला आहे, आणि त्याचं उत्तर देणं सगळ्यांत अवघड आहे.

का अवघड, ते एका पानावरून सांगतो. आमच्या बाजूच्या एका गावाच्या मृत्यूच्या नोंदीचं पान, साल 1918, महिना ऑक्टोबर. शाई तपकिरी पडलेली, कडेला वाळवीने नदीच्या पात्रासारखी वाट खाल्लेली. मरणाच्या कारणाचा रकाना वरून खालपर्यंत एकच: ताप, ताप, ताप. ही मानमोडीची साथ. एरवी महिन्याला ज्या गावाच्या दोन-चार ओळी होतात, तिथे एका महिन्याला पान पुरलेलं नाही; पुढच्या पानावर रेघा न आखताच लिहायला घेतलंय. मधेच तीन ओळी एका घरच्या. पहिली एका बाईची, नाव ‘सखू कोम राणू’, म्हणजे राणूची बायको. दुसरी तिच्या सुनेची. तिसरी ‘मुलगी’, वय दोन महिने, नावाची जागा कोरी. (नावं मी बदलली आहेत, पान खरं आहे.) तीन दिवसांत घरातल्या तिघी गेल्या आणि राणू बिन सटवा मागे उरला. त्याचे आजचे वंशज ‘आमचं मूळ कुठलं’ म्हणून विचारत फिरतात. त्यांच्या घरात राणूची आठवण नाही, सखूची तर नाहीच. पण सरकारच्या कपाटात आहे.

या पानाचं स्कॅनिंग झालं की नाही, मला माहीत नाही. झालं असेल तर जातीच्या रकान्यात हवा तो शब्द होता म्हणून. नसेल तर तो नव्हता म्हणून. सखूचा दोन्हींशी संबंध नाही.

जुन्या नोंदीतलं नाव ओळखणं हे एक स्वतंत्र काम आहे आणि ते कळत्या माणसानेच करायला हवं. आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. माणूस आणि त्याचा बाप, मधे ‘बिन’. त्यात एका पिढीत चार राणू आणि सहा भिका. मग पाहायचं काय, तर कोणाच्या नावाशेजारी कोणता सर्व्हे नंबर येतो, वाटणीत कोणता बांध येतो. जमीन नावाला धरून ठेवते. नावंही बोलतात. धोंडी, केरू, उकिर्डा, भिकू, दगडू अशी नावं ज्याची, त्याच्या आधीची भावंडं बहुधा गेलेली असतात. वाईट नाव ठेवलं की सटवाई मुलाकडे वळून बघणार नाही, असा समज. त्यामुळे एका उकिर्ड्याच्या मागे न लिहिलेली दोन-तीन मुलं उभी असतात, हे वंशावळ करणाऱ्याने धरून चालायचं.

जन्माच्या नोंदीत तर मूल बिननावाचंच असतं. कारण साधं आहे. वर्दी दिली जायची दोन-चार दिवसांत आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. वहीत बापाचं नाव, जात, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव नंतर कुणी कळवायला जात नसे. पुढे तोच मुलगा शाळेत आला की मास्तर त्याच्या उंचीकडे बघून वय ठरवणार आणि 1 जून ही तारीख टाकणार. निम्मा महाराष्ट्र 1 जूनला जन्मलेला आहे आणि तो आमच्या धंद्यातल्या लोकांनी जन्माला घातलेला आहे. तेव्हा नमुना 14 मधला बिननावाचा मुलगा आणि जनरल रजिस्टरातला 1 जूनचा विद्यार्थी एकच, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. एक वही तहसिलीत, दुसरी शाळेत. शेजारी ठेवायच्या कशा?

इथे माझी पहिली मागणी येते आणि तिला फार पैसा लागत नाही. तिसगावचा कोणता कागद कुठे आहे, याची एक यादी करा. दिसायला ही गोष्ट सोपी वाटते, पण 1884 चं गॅझेटियर काढून पाहा. त्यात जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत आणि त्यांत पाथर्डी नाही. आम्ही तेव्हा शेवगावात होतो. म्हणजे माझ्या आजाच्या आजाचा कागद शोधायचा तर पाथर्डीला जाऊन उपयोग नाही. शेवगावला विचारलं तर ते पाथर्डीचं गाव म्हणून हात वर करणार, यात त्यांची तरी काय चूक? मोजणीचे कागद, टिपणं, आकारफोड, गट पाडताना झालेलं एकत्रीकरणाचं दप्तर हे भूमी अभिलेखकडे. दस्त दुय्यम निबंधकांकडे. इनाम आणि वतनाचा कागद असेल तर नगरला, नाहीतर पुण्याच्या पेशवे दप्तरात. आता जिल्ह्याचं नावही बदललं. उद्याचा मुलगा संगणकावर अहिल्यानगर टाकून शोधेल आणि कागदावर तर अहमदनगर लिहिलंय. दोन्ही नावांनी एकच कागद निघायला हवा, एवढी तजवीज सूची करतानाच करून ठेवता येते.

त्यातही आमचा भाग सरहद्दीचा. पाथर्डीच्या अंगाला लागून बीड जिल्हा. पूर्वी तिकडे निजामाचं राज्य, इकडे इंग्रजांचं. पण सोयरिकी करताना कुणी नकाशा बघत नसे. आष्टी, शिरूर, पाटोद्याच्या लेकी इकडे आल्या, इकडच्या तिकडे गेल्या. म्हणून तिसगावच्या घराची बापाकडची बाजू मुंबई इलाख्याच्या दप्तरात आणि आईकडची हैदराबादच्या दप्तरात. तिकडे कागद उर्दूत आणि साल फसली, इकडे मोडी आणि शके. पेशवाईतला कागद हाती आला तर त्यावर सुहूर सन. शकात 78 मिळवायचे, फसलीत 590, सुहूरात 599 किंवा 600, तेव्हा कुठे इसवी साल हाताला लागतं. हे कोष्टक अभिलेख कक्षाच्या दारावर लावायला किती खर्च येईल? जिल्ह्यातल्या एका कार्यालयात मी हे विचारलं, तर समोरच्या तरुण कर्मचाऱ्याने मलाच ते लिहून द्यायला सांगितलं. दिलं. पुढच्या वेळी गेलो तर त्याची बदली झाली होती आणि कागदही त्याच्याबरोबर गेला होता.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो. वंशावळीचा नाद हा मोठ्या घरांचा, अशी समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. गोखले, आपटे, बापट या घराण्यांचे कुलवृत्तान्त छापलेले आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात सुमारे 200 फूट लांबीची एक जन्मपत्रिका आहे, ती उलगडायला माणसं लागतात. वतनदारांना तर वंशावळ ठेवणं भागच होतं. 1852 चं इनाम कमिशन दारात आलं तेव्हा इनाम कुणाला मिळालं, त्याचा मुलगा कोण, नातू कोण, हे पुराव्यानिशी मांडावं लागलं. 1874 च्या वतन कायद्याने वारसांची नोंद आणखी पक्की केली. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत फिरले आणि त्यांच्या साधनांचे बावीस खंड झाले. पण त्यांनाही कागद मिळायचे ते वाड्यातल्या माळ्यावर. ज्याला माळाच नव्हता, त्याचं काय?

त्याचा एकच कागद आहे, सरकारी नोंदवही. आणि त्या वहीची गंमत म्हणा की अन्याय म्हणा, गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वर्दी द्यायचं काम महाराच्या वतनात होतं. लिहायचं कुलकर्ण्याने, खबर आणायची याने. सगळ्या गावाच्या वंशावळीचा पहिला बातमीदार हा, आणि त्याची स्वतःची वंशावळ कुणी लिहिली नाही. या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं होतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने गेली ती 1958 च्या अधिनियमाने. त्याच कामावर आलेल्या कोतवालाला परवापरवा महसूल सेवक हे नाव मिळालं. नाव मिळालं ते बरंच झालं. पण जुन्या वह्यांतून या लोकांची नावं आधी उतरवा, कारण त्यांच्याकडे दुसरा पुरावा नाही.

किंवा आहे, पण तो सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. नेवाशाच्या बाजूला वडाळ्याचं मिशन होतं. या मंडळींनी बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवल्या, शाळांचे अहवाल धाडले, आणि त्यांच्या बोस्टनच्या मुख्य मंडळाचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. या जिल्ह्यातल्या अस्पृश्य मानलेल्या घरातला एखादा माणूस कोणत्या वर्षी शाळेत आला, हे तिथे निघेल आणि तालुक्याला निघणार नाही, अशी परिस्थिती येऊ शकते. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचंही तसंच. त्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने 1970 च्या दशकात काढायला घेतल्या. आमच्याकडचे लोक अस्थी घेऊन पैठणला जातात, नाशिकला जातात, त्र्यंबकेश्वरी जातात. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आमच्या पूर्वजांच्या हातची अक्षरं आहेत, निरक्षर असेल तर नुसतं नाव सांगून लिहवून घेतलेलं. त्या वह्या खाजगी आहेत, उपाध्यांची ती उपजीविका आहे, तेव्हा सरकारने त्यांवर हात टाकू नये. पण पुराभिलेख संचालनालयाने त्यांच्याशी बोलून वाळवीपासून वाचवायची मदत तरी करावी.

तिसगावच्या मुसलमान घरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे शोधमोहिमेत कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. निजामशाहीच्या काळापासून इथे वस्ती. काजींकडच्या निकाहाच्या नोंदी, दर्ग्याच्या इनामाच्या सनदा, त्या फारसीत. गावात फारसी वाचणारं आज कोण आहे? वेशीचे दगड सगळ्यांना दिसतात, त्यांची डागडुजी करा म्हणणारे भेटतात. पेटीतल्या सनदेची घडी उलगडताना तुकडे पडतात, ते कुणाला दिसत नाहीत. मोडीवाल्यांची बोलावणी झाली तशी एकदा फारसीवाल्यांचीही होऊ द्या.

मढीचा विषय आल्याशिवाय आमच्या भागातलं कुठलंच पत्र पुरं होत नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या यात्रेला राज्यभरातून, बाहेरूनही भटकी माणसं येतात. गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ समाजाच्या मानाची होळी पेटते. वैदू, कैकाडी, कोल्हाटी, घिसाडी, कितीतरी जमातींची वर्षाची गाठभेट इथेच पडायची, सोयरिकी इथे जुळायच्या, तंटे इथे तुटायचे. तंटे तोडणाऱ्या त्या जातपंचायतींनी लोकांना, विशेषतः बायकांना, जे भोगायला लावलं ते मी झाकणार नाही. पण वंशावळीच्या अंगाने पाहिलं तर मढी हे या लोकांचं चालतंबोलतं दप्तर होतं. कोण कुणाचा, कोणत्या कुळीचा, हे पंचांच्या तोंडी असायचं.

आणि सरकार याच लोकांना काय विचारतं? विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचा दाखला हवा असेल तर 21 नोव्हेंबर 1961 रोजी तुमचं कुटुंब राज्यात कुठे राहत होतं, त्याचा पुरावा आणा. ज्याचं घर गाढवाच्या पाठीवर होतं, त्याने कुठला उतारा आणायचा? यातल्या काही जमाती तर 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि 31 ऑगस्ट 1952 ला त्या शिक्क्यातून सुटल्या. त्यांची नावं सापडलीच तर पोलिसांच्या हजेरीच्या रजिस्टरात सापडतात. पणजोबा शोधायला पोलीस ठाण्याच्या दप्तरात जावं लागणं ही काय दशा आहे, याचा विचार करा. माझी मागणी अशी की मढीच्या यात्रेत जसा आरोग्य विभागाचा, पाणीपुरवठ्याचा मंडप असतो, तसा एक मंडप नोंदणीचा असावा. म्हातारी माणसं जे सांगतील ते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, लिहून घ्यावं आणि एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. तो कायदेशीर पुरावा ठरेल की नाही, हे नंतर बघू. सांगणारी माणसं तोवर थांबणार नाहीत.

ऊसतोडीलाही हेच लागू आहे. दसरा झाला की पाथर्डीच्या गावागावांतून कोयते निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या काळात कारखान्याच्या तळावर, कोपीत, कधी उसाच्या फडात बाळंतपणं होतात. नोंद कुठे? मुकादमाच्या उचलीच्या वहीत नवरा-बायकोचं एक कोयता म्हणून नाव असतं, मुलाचं नसतं. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा या मुलांना शोधत फडात आला नाही. आज पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःचा जन्म कुठल्या जिल्ह्यात झाला ते सांगता येत नाही. आईने ‘प्रवरेच्या बाजूला’ एवढं सांगितलेलं असतं.

आणि बायका. वंशावळीच्या नमुन्यात आजही वरून खाली बापाची ओळ जाते. कुणबी दाखल्यांसाठीच्या 26 जानेवारी 2024 च्या सगेसोयऱ्यांच्या मसुद्यातही नातं मोजलं ते वडील, आजोबा, पणजोबा असंच. वारस नोंदवहीत लेकीचं नाव लागतं, पाठोपाठ हक्कसोडपत्र होतं आणि फेरफारात ते नाव वर्षभरात पुसलं जातं. जुन्या वहीत ‘कोम’ करून तरी बाईचं नाव आहे. नवीन वंशावळीत तेही गळालं. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लागायला लागलं, ते चांगलंच झालं. पण मागच्या सगळ्या आयांचं काय? सूची करताना प्रत्येक स्त्रीचं नाव स्वतंत्र नोंद म्हणून यावं, नवऱ्याच्या नोंदीचं शेपूट म्हणून नको. माहेरचं गाव लिहिलेलं असेल तर तेही. आमच्या भागात तर माहेरच्या गावावरूनच बाई ओळखली जाते. म्हाताऱ्यांना सुनेचं नाव आठवत नाही, ‘ती चिचोंडीची’ एवढं आठवतं.

आता तुम्ही विचाराल की सगळी नावं खुली केली तर भांडणं होणार नाहीत का? होतील. कुणाची दुसरी बायको निघेल, कुणाचा दत्तक निघेल, कुणाच्या जातीच्या रकान्यात त्याला नको असलेला शब्द निघेल. म्हणून मुदत ठेवा. इंग्लंडात जनगणनेचे घरवार कागद 100 वर्षांनी खुले करतात. 1921 चे 2022 मध्ये केले. अमेरिकेत 72 वर्षांनी. आपल्याकडे जनगणनेचा कागद कायद्याने कधीच बघायला मिळत नाही, म्हणून तर गावच्या वहीला एवढं मोल आहे. शंभर वर्षांपूर्वीचं सगळं सर्वांना खुलं, त्यापुढचं फक्त त्या घरच्या माणसाला, अशी रेघ आखता येते. खाडाखोडीची भीती असेल तर सूची हाच त्यावरचा उपाय आहे. वेगळ्या शाईने घातलेला शब्द, खरवडलेला रकाना, हे प्रकार होतात आणि पडताळणी समित्यांपुढे ती प्रकरणं येतात. संपूर्ण पानाचं, कडांसकट, रंगीत छायाचित्र एकदा काढून ठेवलं आणि त्यातलं प्रत्येक नाव सूचीत गेलं, की नंतर वहीवर पेन चालवून कुणाला काय मिळणार? नुसत्या हव्या त्या ओळीचं कात्रण ठेवलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. 2023 मध्ये काढलेल्या प्रतींपैकी किती पूर्ण पानाच्या आहेत, हे एकदा तपासून घ्या.

‘अ’ वर्गाची दप्तरं कायम ठेवायची असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे. कागद आहे, कायदा आहे, आणि एकदा मोहीम झालेली असल्यामुळे कुठला रुमाल कुठल्या फळीवर आहे हेही आज माहीत आहे. ते माहीत असलेले लोक दोन-तीन वर्षांत निवृत्त होतील. मोडी वाचणारे तर त्याआधीच. संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पण मुंबई-पुण्याला राहून वर्ग करणं पाथर्डीच्या मुलाला परवडत नाही. एक वर्ग पाथर्डीत घ्या. शिकलेल्या मुलांना सूचीचं काम पानामागे पैसे देऊन द्या. नुसत्या प्रमाणपत्राने कुणी मोडीत टिकत नाही.

जनगणनेत जात मोजायचं केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केलं आहे. 1931 नंतर पहिल्यांदा. तेव्हा ही वही-दप्तरं पुन्हा एकदा कुठल्यातरी शब्दासाठी उघडली जाणार, यात मला शंका नाही. त्या वेळीही बोट एकाच रकान्यावरून फिरू नये.

सरपंचांना वेगळी विनंती. जिल्ह्याची मंजुरी यायची तेव्हा येईल. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि ठराव करा की तिसगावच्या जुन्या वह्यांची सूची गाव स्वतः करणार, तहसीलदारांनी प्रती द्याव्यात. प्रत्येक आळीतून, वस्तीवरून, मोहल्ल्यातून एक-एक माणूस घ्या, त्यांत निम्म्या बायका, कारण कोण कुणाकडे दिली हे त्यांनाच माहीत असतं. मोडी मी वाचून देईन, आणखी दोघेजण तयार आहेत. शाळेचा एक वर्ग सुटीत मोकळा असतो, तो द्या. एक मोठं टेबल, दोन भिंगं आणि खिडकीशी जागा लागेल. पावसाळ्यात वह्या हलवू नयेत, म्हणून काम मे महिन्यातच सुरू झालेलं बरं.

कळावे,
आपला,
तिसगावचा एक निवृत्त शिक्षक